उजवीकडचं ऑल्ट आणि स्पॅनिश अक्षरं

कॉम्प्युटरवर स्पॅनिश लिहायचं तर स्पॅनिश कीबोर्ड लावा, असं कोणीही सांगेल. मी हे काम रोज करते आणि माझं मत वेगळं आहे. कीबोर्ड भारतात घेतलेला, बोटं इंग्रजीवर बसलेली आणि दिवसभरात स्पॅनिश मोजक्याच ओळी, असं असेल तर स्पेनचा कीबोर्ड लावू नका. विंडोजमध्ये भाषा स्पॅनिश लावा, पण तिच्याखालचा कीबोर्ड 'युनायटेड स्टेट्स-इंटरनॅशनल' ठेवा. का, ते आज नीट लिहिते. इथल्या एक्स्पोर्टवाल्या ओळखीच्यांना तेच तेच फोनवर सांगण्यापेक्षा एकदा लिहिलेलं बरं.

मी बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, पंपांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात एक्स्पोर्टची कागदपत्रं बघते. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, पेट्यांवरची लेबलं, सगळं माझ्या टेबलावरून जातं. आमचा बराच माल चिली, पेरू आणि मेक्सिकोला जातो. कागद इंग्रजीतच असतात, पण माणसांची, कंपन्यांची, रस्त्यांची आणि गावांची नावं स्पॅनिश. वाल्पाराईसो हे बंदर घ्या. त्यातल्या 'आय'च्या डोक्यावर ठिपक्याऐवजी तिरकी रेघ असते. बोगोता, केरेतारो, लेओन, सगळ्यांत एकेक अशी रेघ आहे. आणि मुन्योस, इबान्येस, नून्येस अशा आडनावांत ते 'एन्ये' येतं, म्हणजे डोक्यावर छोटी लाट असलेलं 'एन'. हे 'एन' सजवलेलं नव्हे. स्पॅनिश वर्णमालेतल्या 27 अक्षरांपैकी ते एक स्वतंत्र अक्षर आहे आणि शब्दकोशात 'एन'नंतर त्याचा वेगळा विभाग असतो.

बहुतेक ऑफिसांत काय होतं, तर समोरच्याच्या ईमेल पत्त्यावरून नाव उचललं जातं. ईमेलमध्ये एन्ये सहसा नसतंच, तिथे लोक साधं 'एन' वापरतात. तेच मग इन्व्हॉइसवर येतं, तिथून सर्टिफिकेटवर, तिथून पेटीवर. भारत आणि चिली यांच्यातला सवलतीच्या व्यापाराचा करार 2007 पासून लागू आहे. त्याखाली ड्यूटीत सूट हवी तर माल भारताचा आहे असं सर्टिफिकेट लागतं, आणि त्यावरचं नाव इन्व्हॉइसशी जुळायला हवं. एका कागदावर एन्ये, दुसऱ्यावर एन, असं झालं की विचारणा होते. पण मला त्याहून मोठं कारण वेगळं वाटतं. माझ्या आडनावात ळ आहे. गुजरातीत ળ असल्यामुळे बडोद्यात ते रेशनकार्डापासून लाइटबिलापर्यंत सगळीकडे बरोबर लिहिलं जातं, पण हिंदीत छापलेला कुठलाही फॉर्म आला की तिथे 'ल' असतो, आणि मी तो दरवेळी खोडून दुरुस्त करून मागते. ज्याला आपलं अक्षर राखायचं असतं त्याने दुसऱ्याचंही राखावं. म्हणून आमच्या कारखान्यातून जाणाऱ्या कागदावर एन्येच्या जागी एन गेलेलं मला चालत नाही.

आता कीबोर्डाकडे वळू.

विंडोजमध्ये स्पॅनिशचे दोन ले-आउट, म्हणजे बटणांवरच्या अक्षरांच्या मांडण्या, मुख्य. एक 'स्पॅनिश', म्हणजे स्पेनचा, आणि दुसरा 'लॅटिन अमेरिकन'. दोन्हींत एन्येला स्वतःचं बटण आहे, 'एल'च्या उजवीकडे, जिथे आपल्या कीबोर्डवर अर्धविराम असतो. इन्स्क्रिप्टवाल्यांनी, म्हणजे भारतीय लिप्यांचा सरकारी कीबोर्ड वापरणाऱ्यांनी, लक्षात ठेवायचं तर आपला 'च' जिथे आहे तिथेच. फरक बाकीच्या चिन्हांत आहे. स्वरावर रेघ देणारं बटण स्पेनमध्ये एन्येच्या शेजारी, म्हणजे आपल्या 'ट'च्या जागी, तर लॅटिन अमेरिकनमध्ये 'पी'च्या शेजारी, आपल्या 'ड'च्या जागी. उलटं प्रश्नचिन्ह स्पेनमध्ये शिफ्ट धरून, लॅटिन अमेरिकनमध्ये शिफ्टशिवाय. ईमेलमधलं 'अ‍ॅट'चं चिन्ह स्पेनमध्ये उजवं ऑल्ट आणि 2, लॅटिन अमेरिकनमध्ये उजवं ऑल्ट आणि 'क्यू'. एकाची सवय झालेला माणूस दुसऱ्यावर बसला की चाचपडतोच.

हे सगळं शिकता येतं. जे शिकून येत नाही ते म्हणजे एक अख्खं बटण. आपल्याकडे मिळणारा कीबोर्ड अमेरिकन धाटणीचा, 104 बटणांचा असतो. डावीकडचं शिफ्ट लांबलचक, एंटर आडवं. स्पेनमधला कीबोर्ड 105 बटणांचा. त्याचं डावं शिफ्ट आखूड असतं आणि शिफ्ट व 'झेड' यांच्यामध्ये एक जास्तीचं बटण असतं. 'पेक्षा लहान' आणि 'पेक्षा मोठं' ही दोन्ही चिन्हं त्या एका बटणावर. आपल्या कीबोर्डवर ते बटणच नाही, त्यामुळे विंडोजमध्ये स्पॅनिश ले-आउट लावला की ही चिन्हं उमटवायला जागाच उरत नाही. एक्सेलमध्ये काम करणाऱ्याला हे परवडत नाही, कारण तिथे अटी लिहिताना ती लागतातच. स्टिकर चिकटवून हा प्रश्न सुटत नाही. स्टिकर चिकटवायला बटण तर हवं!

दुसरी अडचण पासवर्डची. या दोन्ही ले-आउटमध्ये शिफ्ट आणि 2 दाबलं की दुहेरी अवतरणचिन्ह येतं. आपल्याकडे निम्म्या लोकांच्या पासवर्डात 'अ‍ॅट'चं चिन्ह असतं. लॉगिनच्या पडद्यावर पासवर्ड ठिपक्यांनी झाकलेला असतो, त्यामुळे काय उमटतंय ते दिसत नाही, आणि पासवर्ड चुकीचा म्हणून मशीन आत घेत नाही. अशा वेळी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली भाषेची दोन-तीन अक्षरं दिसतात, तिथे क्लिक करून इंग्रजी निवडायचं. कोणाला रात्री साडेआठला डिस्पॅचमधून फोन आला की 'कॉम्प्युटर लॉक झाला', तर आधी हे बघायला सांगा.

तिसरी गोष्ट कीबोर्डाची नाहीच, पण सेटिंग्जच्या त्याच पानावर असल्यामुळे लोक गोंधळतात. भाषा, कीबोर्ड आणि 'रीजनल फॉरमॅट' या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्याकडे एकदा बाहेरून आलेल्या मेकॅनिकने स्पॅनिश लावून द्या म्हटल्यावर तिन्ही बदलून टाकल्या. फॉरमॅट स्पेनचा झाला आणि एक्सेलमध्ये दशांशचिन्हाच्या जागी स्वल्पविराम, हजाराच्या जागी टिंब आणि सूत्रांत स्वल्पविरामाऐवजी अर्धविराम मागायला लागलं. अकाउंट्सच्या बेन घाबऱ्याघुबऱ्या धावत आल्या, "बेन, आ बधा आंकडामां शुं थई गयुं?" फॉरमॅट परत इंडिया केल्यावर सगळं जागेवर आलं. चिलीत खरोखरच दशांशाला स्वल्पविराम लिहितात, मेक्सिकोत मात्र आपल्यासारखं टिंब. त्यामुळे 'स्पॅनिश आकडे' म्हणून एकच एक पद्धत नाही. रीजनल फॉरमॅटला हात लावू नका.

आता माझी जुळणी सांगते. विंडोज 11 मध्ये सेटिंग्ज, मग टाइम अँड लँग्वेज, मग लँग्वेज अँड रीजन. तिथे 'अ‍ॅड अ लँग्वेज' करून स्पॅनिश (मेक्सिको) घ्या. त्याच्याबरोबर लॅटिन अमेरिकन कीबोर्ड आपोआप येतो. मग त्या भाषेसमोरच्या तीन ठिपक्यांवर क्लिक करून लँग्वेज ऑप्शन्समध्ये जा, 'अ‍ॅड अ कीबोर्ड'मधून युनायटेड स्टेट्स-इंटरनॅशनल घ्या, आणि मग लॅटिन अमेरिकन काढून टाका. क्रम हाच ठेवा, कारण भाषेखाली एक तरी कीबोर्ड राहावा लागतो. इंग्रजीखालचा नेहमीचा कीबोर्ड आहे तसाच राहू द्या. विंडोजचं बटण धरून स्पेस दाबलं की एकावरून दुसऱ्यावर जाता येतं. माझ्या यादीत इंग्रजी, मराठी, गुजराती आणि स्पॅनिश, अशा चार भाषा आहेत.

हाच कीबोर्ड इंग्रजीखाली का नाही लावायचा? दोन कारणं. पहिलं वर्डचं. तुम्ही ज्या भाषेच्या कीबोर्डवर असता ती भाषा वर्ड मजकुराला लावतं. स्पॅनिशखालचा कीबोर्ड निवडला की स्पेलिंग तपासणीही स्पॅनिश होते, आणि प्रत्येक नावाखाली लाल नागमोडी रेघ येत नाही. दुसरं कारण आमच्या धंद्याचं आहे. इंटरनॅशनल ले-आउटमध्ये अवतरणचिन्हाचं बटण 'डेड की' असतं, म्हणजे दाबल्यावर लगेच काही उमटत नाही, पुढच्या अक्षराची वाट बघतं. पुढे स्वर आला तर त्याच्या डोक्यावर चिन्ह बसतं, स्पेस आली तर नुसतं चिन्ह उमटतं आणि स्पेस गायब होते. आम्ही दिवसभर इंचांत लिहितो. दोन इंची फ्लँज, चार इंची केसिंग. इंचाचं चिन्ह म्हणजे तेच दुहेरी अवतरण. इंग्रजीवर काम करताना हा कीबोर्ड चालू राहिला तर पॅकिंग लिस्टमधली प्रत्येक इंचानंतरची मोकळी जागा खाल्ली जाते, आणि इंचाच्या पुढे 'ए' आला तर त्या 'ए'वर दोन ठिपके येऊन बसतात. म्हणून इंग्रजी वेगळं, स्पॅनिश वेगळं.

स्पॅनिश लिहितानाही मी डेड कीच्या वाटेला फारशी जात नाही. आपली बोटं इन्स्क्रिप्टवर घडलेली. तिथे आधी व्यंजन, मग मात्रा. पहिली वेलांटी कागदावर अक्षराच्या आधी दिसते, तरी टाइप नंतरच होते. डेड कीमध्ये उलटं, आधी रेघ, मग स्वर. जुन्या टाइपरायटरवर ते चिन्ह उमटलं तरी कागदाचा गाडा पुढे सरकत नसे, मग त्याच जागी स्वराचा ठोका पडे. तोच क्रम कॉम्प्युटरवर आला. ज्यांच्या हाताला मात्रा नंतर द्यायची सवय आहे त्यांची इथे घडोघडी गल्लत होते. उजव्या ऑल्टला हा प्रश्नच नाही.

उजवं ऑल्ट धरून 'ए', 'ई', 'आय', 'ओ', 'यू' यांपैकी काहीही दाबा, डोक्यावर तिरकी रेघ घेऊनच उमटतं. उजवं ऑल्ट आणि 'एन' म्हणजे एन्ये. दोन ठिपक्यांचा 'यू' हवा तर उजवं ऑल्ट आणि 'वाय'. उलटं उद्गारचिन्ह उजवं ऑल्ट आणि 1, उलटं प्रश्नचिन्ह उजवं ऑल्ट आणि साधं प्रश्नचिन्ह असतं ते बटण, शिफ्ट न धरता. युरो उजवं ऑल्ट आणि 5. आणि आमच्यासारख्यांसाठी सोन्याची गोष्ट म्हणजे उजवं ऑल्ट धरून 6, 7, 8 दाबलं की पाव, अर्धा आणि पाऊण हे अपूर्णांक सुटसुटीत एका अक्षरात मिळतात. दीड इंच, पाऊण इंच लिहायला तिरकी रेघ घालून दोन आकडे बडवायला नकोत.

आपल्या कीबोर्डवर उजव्या बटणावर नुसतं 'ऑल्ट' छापलेलं असतं, युरोपात त्यावर 'ऑल्ट जीआर' छापतात. बटण तेच. काही छोट्या कीबोर्डवर उजवं ऑल्ट नसतंच, तिथे कंट्रोल आणि डावं ऑल्ट एकत्र धरायचं.

नून्येस हे आडनाव टाइप करून बघा. शिफ्ट धरून 'एन'. मग उजव्या अंगठ्याने ऑल्ट दाबून ठेवायचं आणि 'यू', 'एन' ही दोन बटणं एकापाठोपाठ. अंगठा सोडायचा. मग साधे 'ई' आणि 'झेड'. दोन विशेष अक्षरं एका दाबात होतात. अंगठा आपोआप तिथे जायला लागला की हे नाव लिहिताना स्क्रीनकडे बघावंही लागत नाही. मराठीत लिहिताना मी हेच 'एन'चं बटण शिफ्ट धरून दाबते तेव्हा ळ येतो, आणि गुजराती इन्स्क्रिप्टवरही त्याच जागी ળ येतो. इन्स्क्रिप्ट 1986 मध्ये भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने ठरवलं तेव्हा सगळ्या भारतीय लिप्यांचं समान अक्षर समान बटणावर ठेवलं, त्याचं हे फळ. माझ्या नावाचं अक्षर आणि त्यांच्या नावाचं अक्षर योगायोगाने एकाच बटणावर आलंय, याचं मला फार अप्रूप आहे.

कॅपिटल अक्षरांबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला असतो, की मोठ्या लिपीत लिहिलं तर रेघा नाही दिल्या तरी चालतं. चालत नाही. स्पॅनिश अकादमीचा नियम स्पष्ट आहे, कॅपिटल अक्षरावरही रेघ द्यायचीच. हा समज टाइपरायटरच्या काळातून आलेला आहे, कारण त्यावर मोठ्या अक्षराच्या डोक्यावर रेघेला जागा पुरत नसे. आमचे इन्व्हॉइस संपूर्ण कॅपिटलमध्ये असतात, म्हणून उजव्या ऑल्टबरोबर शिफ्टही धरायचं, एवढंच.

या एका अक्षरासाठी स्पेन किती ठाम राहिला ते वाचून मला खूप बरं वाटलं होतं. तिथे विकल्या जाणाऱ्या कीबोर्डवर एन्ये असलंच पाहिजे असा नियम होता. 1991 मध्ये युरोपीय समुदायाने त्याला हरकत घेतली, की असा नियम म्हणजे खुल्या व्यापारात अडथळा. स्पेनने 1993 मध्ये शाही हुकूम काढून, युरोपीय संघाच्या मास्ट्रिख्ट करारातल्या संस्कृतिरक्षणाच्या तरतुदीचा आधार घेऊन, नियम कायम ठेवला. कीबोर्ड बनवणाऱ्यांनी जुळवून घेतलं. जगभर स्पॅनिश शिकवणाऱ्या थेर्वान्तेस संस्थेच्या बोधचिन्हात आज हेच अक्षर आहे.

घरी माझा भाचा उबुंटू वापरतो, त्याच्या मशीनवर काम आणखी सोपं आहे. सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, तिथे इनपुट सोर्सेसखाली अधिकच्या चिन्हावर क्लिक करून इंग्रजीतला 'ऑल्ट जीआर डेड कीज'वाला इंटरनॅशनल प्रकार निवडायचा. यात अवतरणचिन्हाचं बटण साधंच राहतं, डेड की सगळ्या उजव्या ऑल्टच्या मागे असतात. अक्षरांच्या जागा वर सांगितल्या त्याच. म्हणजे इंचांचा त्रास मुळातच नाही, आणि हा कीबोर्ड दिवसभर चालू ठेवला तरी कळत नाही. भाचा म्हणतो, "मावशी, ऑफिसातही उबुंटूच टाक ना." टॅली आणि सरकारी पोर्टलवर डिजिटल सही करायला लागणाऱ्या यूएसबी डोंगलपायी ते शक्य नाही, नाहीतर मी टाकलं असतं. त्याच पानावर 'कंपोज की' नेमायचीही सोय आहे. कंपोज, लाटेचं चिन्ह, 'एन' असं एकामागून एक दाबलं की एन्ये. ज्यांना महिन्यातून एखाद्या वेळीच लागतं त्यांना हे लक्षात ठेवायला सोपं जातं.

आणि ज्या मशीनवर सेटिंगला हातच लावता येत नाही, उदाहरणार्थ गोडाऊनमधलं सगळ्यांचं सामाईक मशीन, तिथे नंबर पॅड. डावं ऑल्ट धरून 164 दाबा, छोटं एन्ये. 165 दाबा, कॅपिटल. नम लॉक चालू हवं. हे आकडे मी डिस्पॅचच्या मुलांना चिठ्ठीवर लिहून दिलेत.

शेवटी जो मुद्दा सगळ्यात जास्त वेळ खातो तो. टाइप बरोबर केलं, स्क्रीनवर बरोबर दिसलं, आणि फाइल पाठवल्यावर समोरच्याने उघडली तर एन्येच्या जागी लाट असलेला कॅपिटल 'ए' आणि त्याला चिकटून अधिक-उणेचं चिन्ह. हे दिसलं की कीबोर्डाला दोष देऊ नका. युटीएफ-8 मध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या आजच्या सांकेतिकेत, एन्ये दोन बाइटमध्ये साठवलं जातं. उघडणाऱ्या प्रोग्रामने ते जुन्या विंडोज सांकेतिकेत वाचलं की ते दोन बाइट दोन वेगळी अक्षरं म्हणून दिसतात. एक्सेलमधून सीएसव्ही काढताना 'सीएसव्ही यूटीएफ-8' हा प्रकार निवडला की ही तक्रार जाते. लेबल प्रिंटरवर एन्येच्या जागी प्रश्नचिन्ह किंवा चौकोन छापून येत असेल तर तिथेही कारण बहुधा हेच असतं, प्रिंटरच्या सेटिंगमध्ये अक्षरसंच बघायचा. कंटेनर लागायच्या आधी एक लेबल छापून नजरेखालून घालायचं, ही सवय आमच्या डिस्पॅचला आता लागली आहे.

आता ब्राझीलची चौकशी आली आहे, म्हणजे पोर्तुगीज. त्यासाठी कीबोर्ड बदलायची गरज नाही, हाच पुरतो. लाटेचं बटण शिफ्ट धरून दाबायचं आणि मग 'ए' किंवा 'ओ'. साओ पावलोतला लाटवाला 'ए' असाच येतो. खाली शेपटी असलेला 'सी' उजवं ऑल्ट आणि स्वल्पविराम. फक्त भाषांच्या यादीत पोर्तुगीज (ब्राझील) वेगळी घ्या आणि तिच्याखालीही इंटरनॅशनलच ठेवा, म्हणजे वर्डची तपासणी पोर्तुगीजमध्ये होईल.